पहिल्या कडव्याचे गायक

दाजींना आख्खं गाणं म्हणू देईल असा प्रमुख पाहुणा अजून जन्माला यायचा होता.

तसे दाजी पेशाने शिंपी. बाजारामागच्या गल्लीत, किल्ल्या करून देणारा आणि छत्र्या दुरुस्त करणारा या दोघांच्या मधे त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक इस्त्री आणि ज्यांचे मालक पुन्हा फिरकलेच नाहीत अशा कपड्यांची एक लांब दोरी. नवीन कपडे शिवून घेण्याचे दिवस गेले होते. पण तयार कपडे घेणाऱ्यांच्या कमरा काही वाढायच्या थांबल्या नव्हत्या. त्यामुळे दाजींचं बरं चाललं होतं.

दाजींचं गाणं मात्र फार जुनं. नावाड्याचं गाणं. त्यांच्या मामांनी शिकवलेलं, चार कडव्यांचं. पहिल्या कडव्यात होडीचा दोर सुटतो, उतारू बसतात, शीड फुगतं. दुसऱ्यात होडी मध्यावर येते आणि दोन्ही काठ सारखेच लांब दिसू लागतात. तिसऱ्यात वावटळ येते. नावाडी गप्प होतो आणि उतारूंमधली एक म्हातारी गायला लागते. चौथ्यात पलीकडचा काठ येतो. उतारू उतरतात, मागे वळूनही न बघता निघून जातात. आणि नावाडी होडी फिरवतो, कारण त्या काठावरही कुणीतरी वाट बघत उभं असतं.

या गाण्याला ढोल वाजवायचा तो दाजींच्या बायकोचा थोरला भाऊ. लग्नात बहिणीची पाठवणी केली आणि पाठोपाठ ढोल घेऊन स्वतःच आला, असं दाजी म्हणत. तो त्यांना ‘दाजी’ म्हणे, म्हणून गल्ली म्हणू लागली, आणि गल्लीतून ते नाव सरकारात गेलं.

सरकारात जाण्याचं कारण असं, की आपल्या मुलखाला स्वतःचं संगीत आहे आणि त्या संगीताचा उद्योग होऊ शकतो, हा शोध सरकारला लागला. शोध लागला की कक्ष निघतो. ‘प्रादेशिक संगीत उद्योग वृद्धी कक्ष’ निघाला. त्याला खोली मिळायला बराच काळ गेला. तोवर वृद्धी जिन्याखाली होत होती. पुढे खोली मिळाली, पाटी मिळाली आणि पाटीच्या अनावरणाला कुणीतरी गायला हवं म्हणून दाजींना बोलावणं आलं.

दाजींनी पहिलं कडवं म्हटलं. मेहुण्याने कडव्याच्या शेवटी तीन थापा मारल्या, त्याला तशी लकबच होती, आणि दुसरं कडवं उचलणार तेवढ्यात टाळ्या झाल्या. पाहुणे उठून उभे राहिले. गाणं संपलं.

‘प्रारंभाला काय साजेसं गाणं आहे हो!’ समन्वयक मॅडम म्हणाल्या. झालं. त्यानंतर जिथे जिथे काहीही सुरू व्हायचं तिथे दाजींची होडी दोर सोडायची. संगीत उद्योग धोरणाच्या मसुद्यावरची चर्चा, त्या चर्चेचा आढावा, ‘गायक एक उद्योजक’ ही कार्यशाळा, त्याच कार्यशाळेची उजळणी. सगळीकडे पहिलं कडवं, तीन थापा, दारात पाहुणे, टाळ्या, नमस्कार. नमनाला घडाभर तेल म्हणतात. इथे नमनालाच सगळं तेल संपायचं आणि पुढे नाटकच नसायचं.

गाऊन झालं की दोघांना तिथेच बसावं लागे, कारण ते लाभार्थी होते. एकदा एक तज्ज्ञ आले. त्यांनी दाजींना विचारलं, ‘तुमची वार्षिक उत्पादनक्षमता किती?’

‘कशाची?’

‘गाण्याची.’

दाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. ‘घसा बसला नाही तर रोजचं एक. पण तेच.’

तज्ज्ञांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. पुढे कुठल्याशा अहवालात या मुलखातल्या गाण्याच्या उत्पादनात मोठी वाढ दाखवली होती, ती बहुधा दाजींची.

प्रत्येक कार्यशाळेत एक कापडी पिशवी आणि एक पेन मिळे. पेन चालत नसत, पिशव्या मात्र मजबूत. दाजींच्या बायकोने एकीत कांदे, दुसरीत बटाटे आणि तिसरीत बाकीच्या पिशव्या ठेवल्या होत्या. ‘माझ्या स्वयंपाकघराची वृद्धी झालीये खरी,’ ती म्हणे.

‘सरकारचे जावई म्हणतात ते तुम्हीच, दाजी,’ मेहुणा म्हणायचा. ‘मानपान तेवढा राहिलाय.’

अशी वर्षं गेली. दाजींच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसेना. मेहुण्याचे गुडघे गेले, आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्याची मुलगी दूरच्या मोठ्या शहरात राहायची. तिने एक दिवस फोनवर सांगितलं, ‘बाबा, आता पुरे. इकडे या. आमच्याकडे लिफ्ट आहे.’

लिफ्टपुढे कोण काय बोलणार? जायचं ठरलं.

‘ढोल?’ दाजींनी विचारलं.

‘तिच्या इमारतीत चालत नाही म्हणे. खाली कुणीतरी तान्हं बाळ आहे, वर कुणीतरी हृदयाचं आजारी आहे. दोघांच्या मधे मी.’

दाजी त्या दिवशी एका विजारीची कंबर सैल करायच्या ऐवजी आवळून बसले. तिसऱ्या कडव्यातला तो ढोल, वावटळीचा, म्हातारीच्या आवाजाखाली दबकत येणारा, तो मेहुण्याच्या हातांशिवाय कुठेच नव्हता. तो गेला की आपल्याकडे उरणार काय, तर दोर सोडलेली एक होडी.

आणि नेमकी तेव्हाच कक्षाने ‘प्रारंभ’ नावाची योजना काढली. निवडक कलाकारांची गाणी सरकारी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होणार, त्यांचा संग्रह निघणार. दाजींचं नाव सगळ्यात वर होतं. सवयीने.

‘मेहुणे, जायच्या आधी आख्खं गाणं करून घेऊ,’ दाजी म्हणाले. ‘चारही कडवी. मग तुम्ही लिफ्टमध्ये बसून दिवसभर वरखाली करा.’

स्टुडिओ कक्षाच्या इमारतीतच, सभागृहाला लागून होता. भिंतींना करड्या रंगाचा जाड फोम, दाराला बँकेच्या तिजोरीसारखं हँडल. ध्वनिमुद्रक पोक्त, झोपाळू माणूस. हेडफोन गळ्यात, आणि चेहऱ्यावर आयुष्यात बरंच नको ते ऐकल्याचे भाव. त्याची नेमणूक स्टुडिओच्या आधी झाली होती, स्टुडिओ विजेच्या आधी आला होता, त्यामुळे मधल्या काळात तो सभागृहातल्या सभांचा माईक सांभाळत असे. दाजींचं पहिलं कडवं त्याने जितक्यांदा ऐकलं होतं तितक्यांदा स्वतःच्या बायकोचं ऐकलं नसेल.

‘करा सुरू,’ तो काचेपलीकडून म्हणाला.

दाजींनी सुरुवात केली. आवाज छान लागला. दोर सुटला, शीड फुगलं, मेहुण्याने तीन थापा मारल्या, दाजींनी माईकपासून एक पाऊल मागे घेतलं आणि हात जोडले.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने मान वर केली.

‘संपलं?’ ध्वनिमुद्रकाने विचारलं.

‘नाही हो!’ दाजी स्वतःच दचकले. ‘अजून तीन कडवी आहेत. हात... हात आपोआप जोडले गेले.’

‘होतं असं. पुन्हा.’

पुन्हा दोर सुटला. या वेळी दाजींनी हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. तीन थापा पडल्या आणि मेहुण्याने ढोल मांडीवरून उतरवून बाजूला ठेवला.

‘अहो, मेहुणे!’

‘अरेच्चा,’ मेहुणा ढोलाकडे असा बघू लागला की जणू तो स्वतःच खाली उतरला होता.

तिसऱ्या खेपेला दोघांनी एकमेकांवर डोळे रोखून ठेवले. दाजींचे हात जोडले गेले नाहीत, ढोल उतरला नाही. पण तीन थापांनंतर दोघे नुसते बघत राहिले. शब्द पाठ होते, चाल पाठ होती. एका कडव्यातून दुसऱ्यात पाऊल टाकायची जी फट असते ती मात्र सापडेना. रोजच्या जिन्यावर अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटावं तसं. चौथ्या खेपेला दाजींनी दुसरं कडवं रेटून सुरू केलं, तर ते भलत्याच सुरात निघालं. मेहुणा हसला, दाजी चिडले, आणि तेवढ्यात बाहेर पुढच्या गटाच्या बायका दार वाजवू लागल्या. समूहगानाचा मोठा ताफा होता तो, सगळ्या एकाच रंगाच्या शालीत.

समन्वयक मॅडम आत आल्या. त्या वाईट नव्हत्या. गाण्याची आवड म्हणून या खात्यात मागून बदली घेतलेली बाई. आता डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि गाणं ऐकताना त्या फायलींवर शिक्के मारत.

त्यांनी पहिली खेप ऐकली. ‘सुरेख! आणि किती आटोपशीर!’

‘मॅडम, हे एकच कडवं आहे. होडी काठालाच आहे अजून.’

‘दाजी, हल्ली लोकांना लहानच लागतं. त्या दिवशी तज्ज्ञ नाही का म्हणाले?’

‘पण उतारू बसलेत ना आत.’

मॅडमनी थकल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘आपण सगळेच बसलोय, दाजी. पुढच्या टप्प्यात बघू या. ‘प्रारंभ’नंतर ‘प्रगती’ प्रस्तावित आहे.’

‘प्रगती’ येईपर्यंत मेहुण्याला गुडघेच काय, बाकीचेही अवयव रजेवर पाठवावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींनी दुकान लवकर बंद करून घरी सराव मांडला. बायको ओट्याशी होती. दोर सुटला, शीड फुगलं, तीन थापा पडल्या, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी थांबलं.

‘आता घरातही पाहुणे येणारेत का?’ तिने मान न वळवता विचारलं.

‘चेष्टा करू नकोस. आमचं काय चाललंय इथे.’

‘दिसतंय काय चाललंय ते. बैल घाण्यातून सोडला तरी गोलच फिरतो.’ तिने भांडं पुसून ठेवलं. ‘दादा, हात दमले असतील, दोन घास खाऊन घे. होडी कुठे पळत नाही.’

‘तेच तर दुखणं आहे,’ मेहुणा म्हणाला.

त्याचं सामान बांधून झालं, खोलीची किल्ली देऊन झाली. निघायच्या दिवशीच नेमकं संग्रहाचं प्रकाशन आलं. सभा दुपारी, बस संध्याकाळी. ‘एकदा शेवटचा दोर सोडू आणि जाऊ,’ मेहुणा म्हणाला, आणि बॅग घेऊनच सभागृहात आला. बॅग त्याने मंचाच्या कडेला, पडद्याआड ठेवली.

सभागृह भरलेलं होतं, म्हणजे लाभार्थी होते. मागच्या कोपऱ्यात ध्वनिमुद्रक आपल्या बटणांच्या टेबलाशी पेंगत होता. मॅडमनी दारातून खूण केली: सुरू करा, गाडी वळणावर आलीय. दाजींनी सुरू केलं. पहिलं कडवं झालं. तीन थापा पडल्या. दाजींनी हात जोडले.

टाळ्या आल्या नाहीत.

सभागृहातल्या माणसांचीही सवय पक्की होती: पाहुणे दारात दिसले की वाजवायच्या. पाहुणे दारात नव्हते. मॅडम होत्या, कानाला फोन लावलेल्या, चेहरा पांढरा पडलेला. वळणावर आलेली गाडी दुसऱ्याच एका उद्घाटनाला वळली होती आणि आता तिथून निघत होती. मॅडमनी मोकळा हात हवेत गोल गोल फिरवला. लांबवा. लांबवा!

इतक्या वर्षांत लांबवा म्हणणारं पहिल्यांदा कुणी भेटलं होतं. दाजी जोडलेल्या हातांनी तसेच उभे राहिले. टाळ्याच वाजल्या नव्हत्या, म्हणून आपण संपलोय हे बहुधा गाण्याला कळलं नाही. त्या रिकाम्या शांततेत मेहुण्याची बोटं ढोलावर हलकेच फिरली, पाणी काठाला लागतं तशी, आणि दाजींच्या तोंडून दुसरं कडवं निघालं. त्यांनी ते म्हटलं नाही, ते निघालं. फट कुठे होती ते त्यांना तेव्हाही दिसलं नाही.

होडी मध्यावर आली. दोन्ही काठ सारखेच लांब. समूहगानाच्या बायकांपैकी एकीने पिशवीतली शोधाशोध थांबवली. मागचा ध्वनिमुद्रक एकदम ताठ बसला.

तिसरं कडवं लागलं. वावटळ. मेहुण्याचे गुडघे गेले होते, पण हात गेले नव्हते. ढोल दबकत, दबकत वर येऊ लागला आणि दाजींनी म्हातारीचा आवाज लावला. त्याच क्षणी दार उघडलं.

पाहुणे आले. सोबत सहायक, पुष्पगुच्छ धरलेली माणसं, कॅमेरे. सभागृह उठून उभं राहिलं. मॅडमनी गोल फिरणारा हात थांबवला आणि गळ्यावरून आडवा फिरवला. बस.

दाजींचे हात उठले. अर्ध्यावर आले. टाळ्या सुरूही झाल्या होत्या, थोड्या, पुढच्या रांगेत. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा त्यांच्याकडे बघत नव्हता, पाहुण्यांकडे बघत नव्हता. तो पडद्याआडच्या आपल्या बॅगेकडे बघत वाजवत होता.

आता थांबलो तर, दाजींच्या मनात आलं, ही माणसं ऐन वावटळीत, भर पाण्यात राहतील. म्हातारी तोंड उघडून तशीच बसेल. काठाला बांधलेली होडी एक वेळ परवडली.

त्यांनी अर्ध्यावर आलेले हात खाली केले आणि डोळे मिटून घेतले.

डोळे मिटल्याने बरंच सोपं झालं. टाळ्या गोंधळून विरल्या. उभे राहिलेले लोक बसावं की नाही या विचारात थोडे वाकून राहिले, आणि कंबर दुखायला लागल्यावर बसले. पाहुणेही नाइलाजाने बसले. त्यांनी सहायकाकडे झुकून विचारलं, ‘किती कडवी आहेत?’ सहायकाने मॅडमना विचारलं. मॅडमना माहीत नव्हतं. आख्ख्या खात्यात ते कुणालाच माहीत नव्हतं.

चौथं कडवं आलं. काठ आला. उतारू उतरून गेले. नावाड्याने होडी फिरवली, आणि मेहुण्याने तीन थापा मारल्या. दाजींनी हात जोडले.

टाळ्या पडल्या, पाहुण्यांसाठी की गाण्यासाठी, ते वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

‘दाजी, काय केलंत हे?’ पडद्याआड मॅडम कुजबुजल्या.

‘तुम्हीच म्हणालात लांबवा.’

‘मग थांबाही म्हणाले ना! वरून विचारणा होणार आता. मला काहीतरी लिहावं लागेल.’

‘लिहा की. पलीकडे पोचले म्हणून लिहा.’

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. मग नुसतंच म्हणाल्या, ‘ती म्हातारी गाते ते... ते मला माहीतच नव्हतं,’ आणि पाहुण्यांच्या मागे धावल्या.

बसस्टँडवर दोघे बाकावर टेकले. मेहुण्याने ढोल दाजींच्या मांडीवर ठेवला.

‘मी काय करू याचं? मला वाजवता येत नाही.’

‘कांदे ठेवा. माझ्या बहिणीला सांगा, पिशव्यांपेक्षा टिकेल.’

बस आली. गुडघ्यांमुळे चढायला वेळ लागला. मागची माणसं चुकचुकली. खिडकीतून मेहुणा म्हणाला, ‘ध्वनिमुद्रण झालं नाही ते नाहीच, दाजी.’

‘नाही झालं. पण वाजलं.’

‘वाजलं,’ मेहुणा म्हणाला.

पुढच्या कार्यक्रमाला कक्षाने समूहगानाच्या बायकांना बोलावलं. दाजींचा फोन वाजेनासा झाला. सहकार्य न करणारे कलाकार असा शेरा पडल्याचं छत्रीवाल्याने कुठूनतरी ऐकून आणलं. दाजींना वाईट वाटायला हवं होतं. पण दुपारी मान टाकून डुलकी घेता येऊ लागली, त्यामुळे ते राहूनच गेलं.

एक दिवस ध्वनिमुद्रक दुकानात आला. जाकिटाची चेन बिघडली होती. दाजी ती बघत असताना त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून यंत्राच्या फळीवर ठेवला.

‘त्या दिवशीचं आहे. सभागृहातलं. आवाज बरा आलाय. मधे कुणीतरी “किती कडवी आहेत” म्हणतं, ते काही काढता आलं नाही.’

दाजींचा हात चेनवरच राहिला. ‘सगळं?’

‘सगळं नाही.’ ध्वनिमुद्रक ओशाळला. ‘पहिलं कडवं नाहीये. तुम्ही ते गाताच, म्हणून बटण दाबलंच नव्हतं. दुसरं सुरू झालं तेव्हा दचकून जागा झालो.’

दाजींनी चेन बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ध्वनिमुद्रकाने बरेच आढेवेढे घेतले आणि मग लगेच ऐकलं.

संध्याकाळी घरी दाजींनी मेहुण्याला फोन लावला आणि तो टेबलावर, स्पीकरवर ठेवला. बायको भांडी घासत होती. शेजाऱ्याच्या मुलीने बायकोच्या फोनमध्ये दोन्ही गाणी घालून दिली होती: आधी सरकारी संग्रहातलं, खाली सभागृहातलं.

‘ऐका, मेहुणे. आधी सरकारचं, मग आपलं. मधे जरा थांबावं लागेल.’

‘थांबू की. इथे दुसरं काम काय आहे? लिफ्टही बंद आहे.’

सरकारी गाणं सुरू झालं. स्टुडिओतला स्वच्छ, कोरडा आवाज. दोर सुटला, शीड फुगलं. शेवटच्या ओळीला फोनमधून टकटक ऐकू यायला लागली. तिकडे मेहुणा मुलीच्या टेबलावर बोटं वाजवत होता. ‘बाबा, हळू,’ कुणीतरी म्हणालं. तीन थापा पडल्या. गाण्यात तीन, टेबलावर तीन. दाजींचे हात छातीपर्यंत आले.

आणि शांत झालं.

‘टाळ्या वाजवू नकोस हं,’ दाजी घाईघाईने बायकोला म्हणाले.

‘मी कशाला वाजवतेय?’ ती म्हणाली. ‘हात साबणाचे आहेत माझे.’ आणि तिने वाकून कोपराने खालचं गाणं लावलं.